शोकसभेत न सांगितलेले शरद भिया

शरद भिया गेल्यावर चौथ्या दिवशी शोकसभा झाली आणि तिथे मी माइकसमोर उभी राहून खोटं बोलले. बातमी मला पुष्पाने दिली होती. सकाळी मी दात घासत होते, फोन वाजला आणि पलीकडून ती म्हणाली, “दीदी, भिया गेले... झोपेतच गेले.” पुष्पा म्हणजे आमच्या उन्हाळी शिबिरातली पहिल्या वर्षाची मुलगी, आता घरी दोन शिलाई मशिनी टाकून ब्लाउज शिवते. तिचा आवाज कोरडा होता आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं नाही. ते आलं शोकसभेत, आणि त्याच भरात मी ते वाक्य बोलून गेले. हॉल भरला होता. बंद मिलचे म्हातारे कामगार, शिबिरातून गेलेली आणि आता मिशा फुटलेली पोरं, फोटोला घातलेला झेंडूचा हार. बारा उन्हाळे त्यांच्याबरोबर शिबिर चालवलं म्हणून लोकांनी मला बोलायला उभं केलं. मी म्हणाले, “शरद भियांनी उभ्या आयुष्यात एकाही मुलावर हात उगारला नाही.” लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत त्यांचा मुलगा महेश बसला होता, मान जराशी तिरकी करून, कारण त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तो कान जिन्यावरून पडल्यामुळे गेला असं सगळी चाळ समजते. खरं काय ते त्या हॉलमध्ये त्याला ठाऊक होतं आणि मला. महेशने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग आपल्या चपलांकडे बघत बसला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ते वाक्य मला परत घ्यायचं होतं, पण ज्याचा कान गेला त्याला विचारल्याशिवाय ते घेणार कसं? आणि त्याच्यासमोर जायची हिंमत मला तीन आठवडे झाली नाही.

मी राजवाड्यामागच्या गल्लीतली. आमच्या घरात पणजोबांपासून संस्थानच्या दफ्तरातल्या नोकऱ्या, त्यामुळे जगात जे काही चुकलं असेल ते योग्य माणसाला ठणकावून सांगितलं की सुधारतं, यावर आम्हा सगळ्यांची श्रद्धा. मिल बंद पडली त्या उन्हाळ्यात माझं बीएड नुकतंच झालं होतं आणि कामगारांच्या मुलांसाठी शिबिर आहे, ताई हवी आहे, असं कळल्यावर मी मोठ्या उत्साहाने गेले. तयारी म्हणजे पाच समरगीतं, कागदाच्या टोप्या करायचं पुस्तक आणि लाल गोफाची शिट्टी. मिलच्या मागच्या मैदानावर सकाळी सहाला एक बंडीतला माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता, तेच शरद भिया; भिया म्हणजे आमच्याकडचं भाऊ. विणाई खात्यात जॉबर होते ते, म्हणजे मागांच्या एका रांगेचे मुकादम. आता ना माग, ना रांग. त्यांनी माझी शिट्टी पाहिली आणि नमस्कार वगैरे न करता म्हणाले, “नीलाताई, ही काढून पर्समध्ये ठेवा. इथली पोरं शिटी ऐकली की पळतात. मिलच्या गेटवर पोलीस आधी शिटी मारतात, मग डंडे. पोरांनी सगळं पाहून घेतलंय.” मी शिट्टी काढली, पण मनात म्हटलं, हा कोण मला शिकवणार.

शिकायला अर्धा तासही लागला नाही. खेळाची सुट्टी दिली तर मुलं दोन रांगा करून ‘लाठीचार्ज’ खेळायला लागली. एक रांग पोलिसांची, एक कामगारांची, आणि मार खरा. कुणी कुणाला हळू मारत नव्हतं. एकाच्या हातात लेझीम होती, ती त्याने दुसऱ्याच्या डोक्यात घातली आणि भुवईवरून रक्त गालावर आलं. मी नुसतीच “अरे, अरे” करत राहिले. शरद भिया चालत गेले, पळत नाही, आणि मारणाऱ्याला मागून कवेत घेतलं. त्या पोराने त्यांच्या दंडाखाली दात रोवले. मी ओढायला धावले तर म्हणाले, “राहू द्या ताई. चावू द्या. जबडा थकला की सोडेल.” खरंच थोड्या वेळाने त्याने सोडलं आणि तिथेच धाय मोकलून रडायला लागला. हातातून रक्त येतंय आणि हा माणूस त्याला विचारतोय, “सकाळी काही खाल्लं का रे? सच बोल.” खाल्लं नव्हतं. त्या दिवशीची न्याहारी भियांनी त्याच्या शेजारी बसून केली. त्यांचा नियमच होता, जो सर्वात जास्त छळतो त्याच्या शेजारी ताटली घेऊन बसायचं, आणि बोलायचं मात्र पोह्यांवर. मला हे सगळं फार ढिसाळ वाटायचं. शिक्षा नाही, समज नाही, वरून पोह्यांवर जीरावण मसाला जास्त!

त्यांच्या शिबिराची खरी सुरुवात तेलाने व्हायची. ते तरुणपणी व्यायामशाळेत जायचे, तिथली ही सवय. व्यायामाआधी मुलांनी अंगातले शर्ट काढायचे, जोड्या लावायच्या आणि एकमेकांच्या पाठीला तीळतेल चोळायचं. भिया हातात तेलाची किटली घेऊन रांगेतून फिरायचे. मुलींचं काम माझ्याकडे. डोक्याला तेल लावायचं, उवा काढायच्या आणि घट्ट वेण्या घालायच्या. आठवडाभरात मी कंटाळले. “मी काय वेण्या घालायला बीएड केलं?” असं त्यांच्या तोंडावर म्हणाले. त्यांनी मला मुलांच्या रांगेत बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, “तिसऱ्याची पाठ बघा. बोलू नका, फक्त बघा.” पाठीवर पट्ट्याचे चार वळ होते, एकावर बकलाचा चौकोन उमटलेला. “काल हे नव्हते. आता त्याच्यामागचा बघा, हात लागायच्या आधीच अंग चोरतोय. तेल कशाला असतं, समजलं?” विचारलं तर मुलं सगळी एकच उत्तर द्यायची, पडलो म्हणायची. म्हणून ते विचारायचेच नाहीत. ज्याच्या पाठीवर नवा वळ, त्याच्या घरी ते दुपारी काहीतरी निमित्त काढून जायचे, बापाला हाक मारून बाहेर न्यायचे, आणि ऊन उतरेपर्यंत त्याला कुठल्या ना कुठल्या कामाला जुंपून ठेवायचे. मिलमध्ये आठ तास माग चालवणारे हात आता घरी बसले होते आणि घरात दहा बाय दहाच्या खोलीत मुलंच काय ती हाताशी होती.

पुष्पा तेव्हा नऊ वर्षांची. माझ्यासमोर पाटावर बसायची आणि कंगवा लागला की खांदे वर घ्यायची. एकदा केस विंचरताना कानामागे मला रुपयाएवढी जागा केसाविना दिसली, लालभडक, कडेला पू धरलेला. कुणीतरी झिंज्या धरून केस मुळासकट उपटले होते. मी बोलू नये ते बोलले. “कोणी केलं हे?” ती म्हणाली, “पडले.” मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “दीदी, भियाला नका सांगू.” मी भियांना सांगितलं नाही. मी त्याहून मोठा पराक्रम केला. तिचा बाप किसन विणकर होता, आणि मिलच्या गेटवर ताडपत्रीखाली कामगारांचं साखळी उपोषण चाललं होतं. अकरा वाजता मी तिथे गेले. त्या दिवशी उपोषणाला बसलेल्यांत किसनच होता, गळ्यात हार, समोर साथीदार. मी आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे ठणकावून बोलले, “हार घालून बसलात, आणि घरी पोरीचे केस उपटता? लाज वाटत नाही?” मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. किसनने हार काढून शेजारी ठेवला आणि उठून गेला. मी येताना कचोरी खाल्ली. वाटलं, आज आपण काहीतरी केलं.

त्याच दुपारी किसनने पुष्पाला धोट्याने मारलं. मागावर आडवा दोरा घेऊन धावतो तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेलं. मिल बंद पडताना त्याने आठवण म्हणून एक घरी आणला होता. डोकं वाचवायला तिने हात वर केला, तो कोपराशी दोन ठिकाणी मोडला. आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. मग चाळीतल्या माणसांनी किसनला जिन्यावरून फरफटत खाली आणलं आणि तुडवलं. ज्यांच्याबरोबर तो हार घालून बसायचा तीच माणसं, आणि त्यांच्या स्वतःच्या पोरांच्या पाठी मी रोज बघत होते. किसन मेलाच असता. शरद भिया त्याच्या अंगावर पालथे पडले. लाथा त्यांनी खाल्ल्या, पुढचे दोन दात गेले. मला हे कळलं दवाखान्याच्या व्हरांड्यात. ते तोंडाला फडकं धरून बाकावर बसले होते आणि आत पुष्पाचं हाड बसवत होते, तिचं ओरडणं बाहेर येत होतं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. मला वाटलं आता हा माणूस मला हाकलून देणार, आणि द्यावंच. फडकं बाजूला करून ते म्हणाले, “तुमी गेटवर जे बोलल्या ते सगळं खरं होतं, ताई. पण त्याचा मार कोण खाणार, ते नाही पाहिलं तुमी.” एवढंच. आजही गेटसमोरून जाताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

चार दिवसांनी सकाळी मैदानावर बघते तर किसन! डोक्याला पट्टी, समोर फाटलेलं व्हॉलीबॉलचं जाळं, आणि तो एकेक गाठ मारत बसलेला. माझा संताप झाला. “ह्याला पोलिसात द्यायचं सोडून तुम्ही शिबिरात आणलं?” मी ओरडलेच. भिया म्हणाले, “पोलीस दोन दिवस ठेवतील. तिसऱ्या दिवशी तो घरीच येणार ना? इथे निदान माझ्या डोळ्यांसमोर आहे, हाताला काम आहे.” मी म्हणाले, मारणाऱ्याचा तुम्हाला एवढा पुळका का? त्यांनी मला शेडच्या सावलीत नेलं आणि सांगितलं. आदल्या वर्षी रेडिओवर मिलची बातमी येणार होती, चालू राहणार की नाही याची. अकरा वर्षांच्या महेशने बटण फिरवून क्रिकेट लावलं. “एक थप्पड मारून थांबलो असतो तर... थांबलोच नाही मी. हात चालूनच राहिला. कानातून रक्त आलं तरी चालून राहिला. मतलब, मला समजत होतं की हा महेश आहे, आणि तरी.” चाळीत सांगितलं, जिन्यावरून पडला. डॉक्टरलाही तेच. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी हे शिबिर काढलं. महेश एकदाही आला नाही. मैदानाच्या कठड्यावर बसून बघायचा, आणि पुढे पंधराव्या वर्षी पीथमपूरच्या कारखान्यात कामाला लागला तो तिकडेच राहिला. त्या दिवशी कानाचं सांगताना शरद भिया रडले वगैरे नाहीत. माझ्याकडे बघून मात्र बोलले नाहीत.

पण तेही चुकले, आणि हे मी शोकसभेत बोलायला हवं होतं. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून पुष्पा सहाव्या दिवशी फाटकाशी आली, आत बाप बसलेला दिसला आणि आल्या पावली परत गेली. आईने तिला बेटम्याला मामाकडे पाठवायची तयारी केली. मी भियांना म्हणाले, “तिची एकच जागा होती. तीही तुम्ही त्याला दिली.” त्यांचा चेहरा पडला. तसेच उठून ते पुष्पाच्या घरी गेले आणि नऊ वर्षांच्या मुलीसमोर हात जोडून म्हणाले, चूक झाली. दुसऱ्या दिवशी मैदानावर चुन्याची जाड रेघ होती. किसन रेघेच्या पलीकडे, पुष्पाची नजर जाणार नाही अशा कोपऱ्यात. तो महिनाभर तिथे जाळी विणत बसला, रेघ ओलांडली नाही. पुष्पा आली. मार बंद झाला का, असं मी तिला मोठेपणी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “कमी झाला, दीदी. बंद नाही झाला.” मला हे असंच लिहायचं आहे, कारण त्या हॉलमध्ये बोलणाऱ्या प्रत्येकाने आपल्या भाषणात सगळा मार बंद करून टाकला होता.

असं बारा उन्हाळे आम्ही ते शिबिर चालवलं. पुष्पासारखी सगळीच सावरली नाहीत. एकाने पुढे भोसकाभोसकी केली, दोघं आत आहेत. मिलची जमीन विकली गेली, धुराडं पाडलं, काचेच्या इमारती उठल्या, मैदान अर्धं झालं. नव्या ताया-दादा यायचे, इंग्रजी खेळ घेऊन यायचे, आणि भिया त्यांना सांगायचे की पोरांसमोर खुर्चीवर बसू नका, कबड्डीत हरता आलं पाहिजे, आणि राग आला की आवाज खाली घ्या. “ज्याला राग येतच नाही तो इथे कामाचा नाही,” असंही म्हणायचे. मला हे शेवटचं फार उशिरा समजलं. त्यांची बायको, आमच्या वहिनी, गेल्यावर ते एकटेच होते. गेल्या दिवाळीत त्यांना लकवा झाला, उजवं अंग गेलं, आणि महेश नोकरी सोडून परत आला. सगळे म्हणाले, पोरगा सोन्यासारखा निघाला.

फेब्रुवारीत मी भेटायला गेले होते. उशी सारखी करताना त्यांची बाही वर गेली. दंडावर चार बोटांचे निळे ठसे होते आणि कानाजवळ एक सूज. बारा वर्षं मी वळ वाचले होते, मला पडणं आणि मारणं वेगळं करता येतं. त्यांनी माझी नजर पाहिली आणि अर्ध्या जिभेने म्हणाले, “पडलो.” महेश दारात चहाचा कप घेऊन उभा होता. मी चहा प्यायले आणि घरी आले. ना विचारलं, ना कुणाला सांगितलं. त्यांनी शिकवलेलंच केलं, अशी मी मनाची समजूत घातली. पण दुपारी निमित्त काढून परत जायचं असतं, हेही त्यांनीच शिकवलं होतं, आणि मी दोन महिने गेले नाही. एप्रिलमध्ये पुष्पाचा फोन आला.

गेल्या रविवारी शेवटी मी महेशकडे गेले. खोलीत पलंग तसाच होता, गादी गुंडाळून ठेवलेली. मी त्याच्या उजव्या बाजूला बसले आणि एका दमात म्हणाले, “महेश, मी सभेत खोटं बोलले. तुझ्या कानाचं मला माहीत होतं. पेपरला लिहून मी ते परत घेणार आहे, तू हो म्हणालास तर.” तो म्हणाला, “लिहा ना, ताई. पण माझंही लिहा.” आणि त्याने सांगितलं. रोज आंघोळ घालायचा, कपडे बदलायचा. एकदा त्याने साफ केलेली चादर बाबांनी पुन्हा खराब केली आणि त्याने मारलं. मग आणखी एकदा. “ओरडले नाहीत. नुसते माझ्याकडे बघून राहिले, जैसे की माहीतच होतं. मला वाटलं, मारल्यावर काहीतरी बराबर होईल. काही नाही झालं, ताई.”

मी त्याला जवळ घेतलं नाही, धीर दिला नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता, त्याच्या बापाचा आला होता आणि सर्वात जास्त माझा. मी आवाज खाली घेतला आणि म्हणाले, “शिबिर सुरू आहे. उद्या सहाला मैदानावर ये.” त्याने घाबरून विचारलं, “माझ्या हातात पोरं द्याल?”

“नाही,” मी म्हणाले. “माठ भरायचे आहेत.”

तो आला. आज सहावा दिवस आहे. टँकरपासून मैदानापर्यंत चार माठ भरतो, झाकतो, आणि भिंतीशी उभा राहतो. मुलं त्याला पाणीवाले भिया म्हणायला लागली आहेत. पुष्पा काल त्याला बघून गेली आणि मला म्हणाली, लक्ष ठेवा. मी ठेवते आहे. मुलांच्या पाठीला तेल लावायला मी त्याला अजून बोलावलेलं नाही, आणि बोलावेन की नाही हे मला आज सांगता येत नाही.